मोठ्या डेटाबेसला वेग द्यायला ऑप्टिकल डिस्क समांतर वाचल्या तर? जाणकारांनी सांगा

निळीशाई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण नीट मांडल्याशिवाय उत्तर मिळणार नाही म्हणून सगळंच लिहितेय.

आमच्याकडे मोजमापांच्या नोंदींचा मोठा डेटाबेस आहे, पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर, आणि त्यातला जुना भाग साधारण ४० टीबीच्या घरात गेलाय. हा जुना भाग आता कधीच बदलत नाही, त्यात नवीन काही येत नाही, पण टाकूनही देता येत नाही कारण तो जसाच्या तसा जपायचं बंधन आहे. म्हणून टीममध्ये एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कची लायब्ररी घ्यायचं चाललंय, म्हणजे १०० जीबीच्या १२ डिस्कचं एक मॅगझिन, रोबोट ते उचलून आणतो आणि १२ ड्राइव्ह १२ डिस्क एकदम वाचतात.

आता मुद्दा असा की जपणूक वगैरे ठीक आहे, पण आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे की डेटा १२ डिस्कवर पसरून ठेवला की वाचनाचा वेग १२ पट होईल आणि वर्षभराचे रिपोर्ट यावरूनच थेट काढता येतील, मधे कुठे कॉपी करून ठेवायलाच नको. मला हे ऐकायला छान वाटतं पण पोटात गोळाही येतो, कारण रिपोर्टसोबत लोक एखाद्या जुन्या नोंदीचा एकेकटा शोधही मारतात.

तर हे कितपत जमेल? आणि डेटा डिस्कवर नक्की कसा वाटायचा? शिवाय होलोग्राफिक स्टोरेजबद्दल वाचलं होतं की त्यात एका झटक्यात अख्खं पान वाचलं जातं, त्याचं पुढे काय झालं? कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

सरळहिशोब

ताई, आधी एक गोष्ट वेगळी काढा नाहीतर पुढचं सगळं गुंतत जाईल. आपण वेग वेग म्हणतो त्यात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे सेकंदाला किती डेटा हातात पडतो, आणि दुसरी म्हणजे मागितल्यापासून पहिला बाइट यायला किती वेळ जातो. समांतर ड्राइव्ह लावले की पहिली गोष्ट वाढते. दुसरी तसूभरही सुधारत नाही, उलट किंचित बिघडते, ते खाली सांगतो.

ब्लू-रेचं १एक्स म्हणजे सेकंदाला ३६ मेगाबिट, म्हणजे साडेचार एमबी. ड्राइव्हवर १२एक्स छापलेलं असतं पण तो वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो, आणि तीन थरांच्या १०० जीबीच्या डिस्कला ड्राइव्ह त्याहून बराच हळू चालतो. आपण ४एक्स धरू, म्हणजे १८ एमबी. बारा ड्राइव्हचे झाले २१६ एमबी. तुमचा एका वर्षाचा डेटा ८ टीबी धरला तर एका ड्राइव्हने तो वाचायला पाच दिवसांहून जास्त लागतील आणि बाराने साधारण सव्वादहा तास. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे, त्यामुळे तुमचा सहकारी एवढ्यापुरता बरोबर आहे. (डिस्क अजून जोरात फिरवायचा रस्ता बंद आहे, मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या आसपास प्लास्टिकची चकती सांभाळणं अवघड होतं, त्यामुळे पुढे जायचं तर समांतर वाचनच.)

आता एकेकट्या शोधाचं बघा. ऑप्टिकल ड्राइव्हमध्ये लेन्स आणि लेझरचं अख्खं बिऱ्हाड सरकवायचं, मग फोकस धरायचा, फिरण्याचा वेग जुळवायचा, यात साधारण १५० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे एका ड्राइव्हला सेकंदाला सहा-सात शोध. बारा ड्राइव्ह मिळून ८०. आणि ७२०० फेऱ्यांची एक साधी हार्ड डिस्क, जिला सीक (हेड हव्या जागी नेणं) आणि फिरण्याची वाट मिळून १३ मिलिसेकंद लागतात, ती एकटी ७५ च्या आसपास करते. म्हणजे अख्खी १२ ड्राइव्हची लायब्ररी रँडम वाचनात एका हार्ड डिस्कच्या बरोबरीला येते! एनव्हीएमई एसएसडीशी (फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कशी) तर तुलनाच नको, तिथे आकडे लाखांत असतात.

आणि बिघडते म्हणालो ते असं की एक तुकडा बारा ठिकाणी वाटला तर उत्तर सगळ्यात मागे राहिलेल्या ड्राइव्हवर अडतं. एका ड्राइव्हला हवा तो भाग लेन्सखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. बारा ड्राइव्ह एकमेकांशी जुळवलेले नसतील तर शेवटचा यायला सरासरी १३ पैकी १२ भाग फेरी जाते, म्हणजे जवळजवळ पूर्ण. सीकचंही तसंच, बारातला सगळ्यात वाईट जो असेल तोच तुमचा.

यावर रोबोट. समजा रिपोर्टला सात मॅगझिनमधून प्रत्येकी फक्त २ जीबी हवेत आणि मॅगझिन बदलून डिस्क ड्राइव्हमध्ये बसायला दोन मिनिटं लागतात. २ जीबी वाचायला सव्वानऊ सेकंद, आणली-ठेवली करण्यात १२० सेकंद. आता ड्राइव्ह दुप्पट करा, २४ घ्या, वाचनातले साडेचार सेकंद वाचतील आणि १२० तसेच राहतील. तेव्हा ड्राइव्ह किती घ्यायचे हे ठरवायच्या आधी तुमची एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) सरासरी किती मॅगझिनना हात लावते ते मोजा. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे आणि खरेदीच्या गडबडीत तो कुणी काढत नाही.

जुनीचकती

मस्त धागा, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे जरा इतिहासात शिरतो.

समांतर ऑप्टिकल वाचनाची कल्पना फक्त जास्त ड्राइव्ह लावण्यापुरती नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी केनवूडचे ट्रूएक्स नावाचे सीडी ड्राइव्ह आले होते, त्यात एकाच लेझरचे सात किरण करून शेजारशेजारचे सात ट्रॅक एकदम वाचायचे. त्यातला ७२एक्सचा ड्राइव्ह सेकंदाला १०.८ एमबीपर्यंत जायचा, आणि तेही चकती इतरांपेक्षा हळू फिरवून, त्यामुळे आवाजही कमी. सीडीवर डेटा एका सलग सर्पिलावर असतो, म्हणून एका फेरीत सात वेढे वाचून झाले की हेड पुढे उडी मारायचं आणि सात तुकडे बफरमध्ये जुळवून ओळीने पुढे पाठवायचे. फार सुंदर इंजिनिअरिंग होतं ते. पण बघा, तिथेही सरळ म्हणताहेत तेच, सलग फाइल वाचायला झकास आणि हेड हलवायला लागलं की बाकीच्या ड्राइव्हसारखाच.

आता होलोग्राफिक. ही कल्पना १९६३ पासूनची आहे, व्हॅन हीर्डन यांनी मांडलेली. डेटाचं पान म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची चौकट, समजा १०२४ गुणिले १०२४, म्हणजे दहा लाखांवर बिट. लेझरचा एक किरण त्या चौकटीतून जातो, दुसरा संदर्भ किरण एका ठरावीक कोनातून येतो, दोघांची नक्षी जाड माध्यमाच्या आत उमटते. संदर्भ किरणाचा कोन थोडा बदलला की त्याच जागेत दुसरं पान मावतं. वाचताना फक्त संदर्भ किरण टाकायचा, अख्खं पान कॅमेऱ्यावर उमटतं. सेकंदाला हजार पानं वाचली तर एक गिगाबिट झालं, कागदावर स्वप्नच.

मग अडलं कुठे? एकाच जागेत जितकी जास्त पानं कोंबाल तितकं प्रत्येक पान अंधुक होतं, आणि ते नुसत्या प्रमाणात नाही तर वर्गाच्या प्रमाणात, पानं दुप्पट तर उजेड एक चतुर्थांश. उजेड कमी म्हणजे कॅमेऱ्याला जास्त वेळ थांबावं लागतं नाहीतर चुका वाढतात. म्हणजे क्षमता वाढवायला गेलं की वेग हातातून निसटतो. त्यात फोटोपॉलिमर, म्हणजे ज्यात नक्षी उमटते ते प्लास्टिक, लिहिताना आकसतं, तापमानाने फुगतं, कोन जरा हलला की पान पुसट. इनफेज नावाच्या कंपनीने, जी बेल लॅब्समधून निघाली होती, ३०० जीबीची डिस्क आणि सेकंदाला २० एमबीचा ड्राइव्ह जाहीर केला होता. अख्खं पान एकदम वाचणारं तंत्र आणि वेग २० एमबी! तोपर्यंत हार्ड डिस्क कुठल्या कुठे गेली होती, आणि २०१० च्या सुमारास कंपनी बंद पडली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये क्लाउडसाठी हा विषय पुन्हा हातात घेतल्याचं जाहीर केलं, त्यामुळे कल्पना मेलेली नाही, पण आज विकत घेऊन रॅकमध्ये लावावं असं काही नाही.

डेटाबेसवाल्यांना यातली खरी ओढ वेगळ्याच गोष्टीची होती आणि ती मला आजही भुरळ घालते. वाचताना संदर्भ किरणाऐवजी तुम्ही शोधायचा नमुनाच टाकलात तर उलटं घडतं, त्या जागेत साठवलेल्या सगळ्या पानांचे संदर्भ किरण एकाच वेळी बाहेर येतात, आणि ज्या पानाशी नमुना जास्त जुळतो त्याचा किरण जास्त तेजस्वी. म्हणजे इंडेक्स नाही, स्कॅन नाही, शेकडो पानांची तुलना एका लखलखाटात. आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत यावर प्रयोग झाले. अडचण एवढीच की उत्तर हो किंवा नाही असं येत नाही, तेज कमीजास्त येतं, त्यात गोंगाट असतो, त्यामुळे मिळालेली पानं परत नीट वाचून सॉफ्टवेअरने तपासावी लागतात. थोडक्यात ब्लूम फिल्टरसारखाच (नक्की नसलेलं झटपट वगळणारी छोटी नोंद) वापर, आधी चाळायचं मग पडताळायचं.

अवांतर: डेटाबेससाठी खास समांतर यंत्र बांधायचा नाद सत्तरच्या दशकात फार होता, ट्रॅकगणिक एक प्रोसेसर वगैरे. १९८३ मध्ये बोराल आणि डेविट यांनी या यंत्रांचा काळ सरला का असा सरळ सवाल केला. त्यांचा रोख असा होता की प्रोसेसर धडाधड वेगवान होताहेत पण डिस्कमधून बाहेर पडणारा डेटा त्या मानाने वाढत नाही, तर प्रोसेसरची गर्दी करून ते करणार काय. आपल्या धाग्यातला प्रश्न त्याच वळणाचा आहे, फक्त प्रोसेसरच्या जागी ड्राइव्ह आणि डिस्कच्या जागी रोबोट.

निळीशाई

दोघांचेही मनापासून आभार, मॅगझिनला हात लावायचा आकडा उद्याच काढते. आता असं विचारते की रिपोर्ट इथून काढायचेच असं धरलं तर मांडणी कशी करायची? जुन्या पार्टिशनची (टेबलाच्या वेगळ्या काढलेल्या भागांची) टेबलस्पेसच, म्हणजे फाइल ठेवायची जागाच, त्या लायब्ररीवर हलवली तर पोस्टग्रेस बाकीचं बघून घेईल का?

पानोपानी

टेबलस्पेस हलवू नका!! हे आधीच सांगतो कारण यात लोक पोळतात. पोस्टग्रेसमध्ये साधं सिलेक्ट मारलं तरी तो पानावर लिहू शकतो. ओळ लिहिणारा व्यवहार पूर्ण झाला की नाही हे एकदा तपासलं की तो निकाल त्याच पानावर हिंट बिट म्हणून टाकून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी शोधावं लागत नाही. शिवाय व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे असल्यामुळे जुन्या ओळी फ्रीझ करायला (कायमच्या जुन्या अशी खूण करायला) व्हॅक्यूम हा साफसफाईचा प्रोग्राम कधी ना कधी तिथे पोचतोच. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर हे कसं चालणार? आधी व्हॅक्यूम फ्रीझ करून घेतलं तरी पोस्टग्रेस टेबलस्पेस लिहिण्याजोगी आहे असंच धरून चालतो. ओरॅकलमध्ये टेबलस्पेस रीड-ओन्ली करून अशा माध्यमावर ठेवायची रीतसर सोय आहे, आणि डेटाबेस सुरू होताना त्या फाइल लगेच न उघडता गरज पडेल तेव्हाच उघडायचं सेटिंगही आहे. पोस्टग्रेसमध्ये तसं नाही.

तुम्ही जुना डेटा पार्केसारख्या कॉलमवार फाइलमध्ये काढा आणि पोस्टग्रेसला तो फॉरेन टेबल (बाहेरच्या फाइलवरचं टेबल) म्हणून दाखवा, किंवा रिपोर्टसाठी वेगळंच इंजिन लावा.

आता वाटणी. ब्लू-रेवर चुका दुरुस्त करायचा सगळ्यात छोटा गठ्ठा ६४ केबीचा असतो, म्हणजे पोस्टग्रेसचं ८ केबीचं एक पान मागितलं तरी ड्राइव्ह ६४ केबी वाचणारच. काही जण म्हणून ६४ केबीचे तुकडे करून बारा डिस्कवर वाटतात, रेडसारखे (अनेक डिस्क मिळून एक करायची पद्धत). तसं करू नका. १८ एमबीच्या वेगाने ६४ केबी वाचायला साडेतीन मिलिसेकंद आणि तिथे पोचायला १५०, म्हणजे एखादा सुटा तुकडा मागितला तर सगळा वेळ प्रवासातच आणि तोही बारा ड्राइव्हचा. तेच तुकडा ६४ एमबीचा केला तर वाचायला साडेतीन सेकंद, प्रवासाचा खर्च चार टक्के. फरक बघा!

पण पार्केमध्ये आणखी एक खोच आहे. समजा टेबलात ३० कॉलम आहेत आणि रिपोर्टला चारच हवेत. रो ग्रुप (ओळींचा एकत्र साठवलेला गठ्ठा) ६४ एमबीचा असेल तर एकेका कॉलमच्या वाट्याला २ एमबी येतात, ते वाचायला ०.११ सेकंद आणि पुढच्या कॉलमवर उडी मारायला त्याहून जास्त. मग चार कॉलम वाचून वाचवलेला वेळ उड्यांमध्येच जातो. म्हणून ऑप्टिकलसाठी रो ग्रुप चांगला दणदणीत ठेवा, १ जीबी वगैरे, म्हणजे एका कॉलमचे तीस-चौतीस एमबी सलग मिळतात. एसएसडीवर कुणी असं करणार नाही, इथे मात्र हेच बरोबर.

हे रो ग्रुप वेळेच्या क्रमाने लावा आणि एकामागून एक बारा डिस्कवर फिरवत वाटा, म्हणजे एका महिन्याचा रिपोर्ट मागितला तरी बाराही ड्राइव्ह कामाला लागतात, पण तो महिना शक्यतो एकाच मॅगझिनमध्ये राहतो. मॅगझिनच्या आत पसरवायचं, मॅगझिनच्या बाहेर पसरू द्यायचं नाही.

आणि प्रत्येक रो ग्रुपची किमान-कमाल मूल्यं, ब्लूम फिल्टर, कुठली फाइल कुठल्या मॅगझिनच्या कुठल्या डिस्कवर, हे सगळं एसएसडीवर. पार्के ही माहिती फाइलच्या शेवटी ठेवतं पण ती वाचायला डिस्क लोड करावी लागली तर काय उपयोग, म्हणून तिची नक्कल बाहेर हवीच. डिस्कला हात लावायचा की नाही हे डिस्कला न विचारता ठरलं पाहिजे.

एकेकट्या शोधाला तर रांग लावा. शोध आला की इंडेक्समधून त्याची जागा काढायची, त्या मॅगझिनच्या यादीत टाकायचं, आणि मॅगझिन लोड झालं की त्याच्या यादीतले सगळे शोध डिस्कवरच्या जागेच्या क्रमाने उरकायचे. लोकांना उत्तर काही मिनिटांनी मिळेल हे आधीच सांगून ठेवा. जे परत परत मागितलं जातं ते एसएसडीवर राहू द्या. दोन रिपोर्ट एकाच महिन्याचे आले तर एकदाच वाचून दोघांना द्या, पोस्टग्रेस स्वतःच्या मोठ्या टेबलांसाठी मेमरीत हे करतोच, इथे तुम्हाला तुमच्या थरात करावं लागेल.

लांबफीत

मधेच येतोय पण टेपचा विचार केलाय का? एलटीओ-९ चा एक ड्राइव्ह एकटा सेकंदाला ४०० एमबी देतो, कॉम्प्रेशन न धरता, आणि एका काडतुसात १८ टीबी. म्हणजे तुमच्या १२ ड्राइव्हच्या जवळपास दुप्पट, तेही एका ड्राइव्हमध्ये. निव्वळ वर्षभराचं स्कॅन करायचं असेल तर ऑप्टिकलचा हट्ट कशाला?

सरळहिशोब

निव्वळ स्कॅन असतं तर मीही हेच म्हणालो असतो. पण टेपवर हव्या त्या जागी पोचायला मिनिटभर सहज जातं आणि पानोपानींनी सांगितलेलं चार कॉलम उचलून बाकी सोडायचं तंत्र तिथे जवळपास निकामी होतं, तुम्ही ३० कॉलमवरून टेप पळवत राहता. ऑप्टिकलचा १५० मिलिसेकंद एसएसडीसमोर लाजिरवाणा आहे पण टेपसमोर तो चिक्कार वेगवान आहे. ताईंच्या रिपोर्टला थोडेच कॉलम लागत असतील तर ऑप्टिकल, आणि सगळंच ओळीने वाचायचं असेल तर टेप, असं मी तरी ठरवेन. एकदाच लिहिता येणं हे दोन्हीकडे मिळतं, त्यावरून निर्णय होणार नाही.

निळीशाई

आमच्या रिपोर्टना पाच-सहा कॉलमच लागतात, त्यामुळे हे वाचून ऑप्टिकलबद्दल जरा धीर आला. ठरवतेय असं की चालू वर्ष आणि मागचं एक वर्ष एसएसडीवर, त्यामागचं सगळं पार्केमध्ये काढून मॅगझिनवर, सगळे इंडेक्स बाहेर, आणि शोधांना रांग. मॅगझिन मोजायचं काम तर करणारच.

एक शेवटची शंका. बारा डिस्क मिळून एक महिना बनतो म्हटल्यावर एका डिस्कवर ओरखडा गेला तर अख्खा महिना लंगडा होणार ना? एक डिस्क पॅरिटीला (हरवलेला तुकडा बाकीच्यांवरून भरून काढायच्या जादा नोंदीला) द्यावी का, की त्याने वेग मारला जाईल?

पानोपानी

द्याच. अकरा डिस्क डेटाच्या आणि बारावी पॅरिटीची. हार्ड डिस्कच्या रेड ५ मध्ये पॅरिटीचा जाच होतो तो छोट्या बदलांमुळे, एक तुकडा बदलायचा तर जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचून दोन्ही परत लिहायचे. तुमचा डेटा एकदाच लिहायचाय, अख्खा पट्टा (बाराही डिस्कवरचे जोडीचे तुकडे) एकदम तयार करून बाराही डिस्क एकत्र लिहायच्या, त्यामुळे तो त्रासच नाही. ड्राइव्ह बिघडला तरी इथे डेटा जात नाही, डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकली की झालं.

आणि वेगाचं म्हणाल तर पॅरिटी उलट मदतीला येते. ऑप्टिकलमध्ये डिस्क एकदम मरत नाही, आधी ती हळू होते, ड्राइव्ह तोच भाग परत परत वाचतो, फिरण्याचा वेग उतरवतो, आणि बाकीचे अकरा त्याच्या नावाने थांबून राहतात. सरळ म्हणाले ना की शेवटचा येईल त्यावर सगळं अडतं, ते इथे सगळ्यात जास्त जाणवतं. तेव्हा बाराही डिस्कचे त्या जागेचे तुकडे एकदम मागवा आणि जे अकरा आधी येतील त्यांच्यावरून राहिलेला तुकडा एक्सऑरने (बिटांची जोडीने तुलना करून) काढून पुढे जा, मागे राहिलेल्यासाठी थांबूच नका. बेरीज-वजाबाकीपेक्षा सोपं गणित आहे, प्रोसेसरला जाणवणारही नाही.

फक्त कुठली डिस्क वारंवार मागे पडते याची नोंद ठेवा, डिस्कच्या क्रमांकासकट आणि ड्राइव्हच्याही. तीच डिस्क वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये मागे पडत असेल तर ती वाचता येतेय तोवर नवीन डिस्कवर उतरवून घ्या, आणि वेगवेगळ्या डिस्क एकाच ड्राइव्हमध्ये मागे पडत असतील तर त्या ड्राइव्हची लेन्स बघा.